खोक्यावर इतिहास आहे, ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : पांढरी, 'सेन्सिटिव्ह', लवंगयुक्त आणि लहान मुलांची टूथपेस्ट यांच्या वेष्टनावरील अपुऱ्या माहितीबाबत तक्रार

महोदय,

आपल्या टूथपेस्टच्या खोक्याची एक अख्खी बाजू कंपनीच्या इतिहासाला दिली आहे. आधी डबीतले दंतमंजन, मग पेस्ट, मग जेल आणि खाली ठळक अक्षरांत 'पेस्ट ट्यूबमध्ये आणणारे आम्हीच'. हा दावा टिकत नाही. दाबून रिकामी करायची धातूची ट्यूब जॉन रँड या चित्रकाराने १८४१ मध्ये रंगांसाठी काढली. कोलगेटची पेस्ट १८७३ मध्ये बरणीत मिळायची आणि १८९६ मध्ये ती ट्यूबमध्ये आली. असो, हौस म्हणून इतिहास छापायला हरकत नाही. हरकत आहे ती त्यापायी ज्या मजकुराला जागा उरली नाही त्याबद्दल.

फ्लोराइड असलेल्या पेस्टमध्ये त्याचे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतले भाग) जास्त नसावे आणि तो आकडा व मुदत संपण्याची तारीख ट्यूब आणि खोके या दोन्हींवर छापलेली असावी, असा नियम आहे. 'दोन्हींवर' यालाही कारण आहे : खोके पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते. आपल्या पांढऱ्या पेस्टचा आकडा फक्त खोक्यावर आहे. मुलांच्या पेस्टवर तो कुठेच नाही, नुसते 'फ्लोराइडयुक्त' लिहिले आहे.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, तसेच चंद्रपूर आणि नांदेडच्या काही भागांत, बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आढळते. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर ते चालत नाही. अशा घरात लहान मुलासाठी कोणती पेस्ट घ्यायची, हे दंतवैद्य आकडा पाहूनच सांगतात. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, कारण या वयात मुले ती गिळतात आणि हिरड्यांखाली पक्के दात घडत असतात; जादा फ्लोराइड पोटात गेले तर त्या दातांवर डाग पडू शकतात. आपल्या खोक्यावरच्या चित्रात मात्र ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नागमोडी पट्टा काढलेला आहे. मोठ्यांच्या जाहिरातीतले चित्र मुलांच्या खोक्यावर तसेच उचलून लावले आहे, दुसरे काय!

'सेन्सिटिव्ह'चे प्रकरण वेगळे. ठणका कमी करण्यासाठी अशा पेस्टमध्ये साधारणतः ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट घालतात. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात. आपली यादी कॅल्शियम कार्बोनेट, सॉर्बिटॉल, पाणी, सिलिका, सोडियम लॉरिल सल्फेट अशी आहे, म्हणजे पांढऱ्या पेस्टचीच यादी शब्दशः. पोटॅशियम नायट्रेट नाही, त्याऐवजी दुसरा कोणता घटकही नाही. तेव्हा एक तर यादी चुकली आहे, नाही तर एकच माल दोन नावांनी विकला जातो. दर ग्रॅमची किंमत मात्र जवळपास दुप्पट.

लवंगवाल्या ट्यूबमधून आधी पातळ पाणी गळते आणि मागून खडूसारखा कोरडा गोळा येतो. पेस्ट धरून ठेवणारा डिंक, म्हणजे सीएमसी, घोटताना पुरता फुगला नाही की असे होते. हा दोष एकाच घाण्याचा असू शकतो, पण ते ताडून पाहायला बॅच क्रमांक वाचता यायला हवा ना! तो ट्यूबच्या शेपटाच्या चपट्या सीलवर बिनशाईचा दाबलेला आहे. तिरप्या उजेडात धरला तरी ३ की ८ हे कळत नाही, आणि ट्यूब मागून गुंडाळत आणली की तेवढेही राहत नाही.

तरी पुढील गोष्टींचा खुलासा लेखी करावा : मुलांच्या पेस्टमधील फ्लोराइड किती पीपीएम, 'सेन्सिटिव्ह'मधील क्रियाशील घटक कोणता व किती टक्के, आणि लवंगवाल्या मालाची बॅच तपासली का. लवंगवाली ट्यूब बदलून मिळावी आणि बॅच क्रमांक शाईत छापावा. ट्यूब व खोक्यांचे फोटो आणि पावतीची प्रत सोबत जोडली आहे. मूळ ट्यूब जपून ठेवल्या आहेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास हेच पत्र फोटोंसह अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात देईन आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवीन.

कळावे,
एक ग्राहक
जि. यवतमाळ