रीमाताईंचं काम माळ्यावर सापडतं, सरकारकडे नाही : माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी डोंबिवलीची एक साधी गृहिणी, राजकारणातलं मला फार कळत नाही आणि हे पत्र कुठल्या पक्षाच्या बाजूचं किंवा विरोधातलंही नाही. विषय अभिनेत्री रीमा लागूंचा आहे. आता तुम्ही म्हणाल की त्या तर २०१७ मध्ये गेल्या, मग आता काय? सांगते.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून तीन व्हीएचएस कॅसेट निघाल्या. एकीवर माझ्या मिस्टरांच्या अक्षरात लिहिलंय, "तू तू मैं मैं + बारसं". बारसं आमच्या लेकीचं. म्हणजे आधी सिरियल रेकॉर्ड केली होती आणि उरलेल्या टेपवर बारसं, की उलटं, ते त्यांनाही आठवत नाही. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, हल्ली विसरायला होतं, सकाळी चहा घेतला की नाही हेसुद्धा विचारतात. पण कॅसेट हातात घेऊन म्हणाल्या, "यात देवकी आहे ना गं?"

देवकी म्हणजे देवकी वर्मा, तू तू मैं मैं मधली सासू, म्हणजे रीमाताई. सून राधा, म्हणजे सुप्रिया पिळगांवकर. १९९४ ला ती सिरियल दूरदर्शनच्या डीडी मेट्रो चॅनेलवर सुरू झाली (पुढे स्टार प्लसवर गेली), दिग्दर्शन सचिन पिळगांवकरांचं. आणि आमचं लग्नही त्याच सालचं, त्यामुळे आमच्या दीड खोलीच्या घरात ओनिडा टीव्हीवर एक सासू-सून भांडायची आणि समोर खाटेवर दुसरी सासू-सून एकमेकींकडे न बघता ते बघायच्या. पहिले काही महिने आम्ही दोघी एकत्र हसलो असू तर त्या अर्ध्या तासातच. सासूबाई कायम देवकीच्या बाजूने, हे सांगायला नकोच.

तेव्हा मला वाटायचं रीमा लागू म्हणजे पन्नाशीच्या तरी असतील. खूप वर्षांनी हिशोब केला तर कळलं की बाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या होत्या! आणि सुप्रियाताईंपेक्षा मोठ्या फक्त नऊ वर्षांनी. पडद्यावर ते कधीही कळलं नाही हो, ना मेकअपची पांढरी बट ना मुद्दाम वाकलेली चाल, फक्त पदर खोचायची पद्धत, सुनेचं बोलणं ऐकून घेताना मान जराशी तिरकी आणि उत्तर द्यायच्या आधी एक क्षण थांबणं. त्या थांबण्यात सगळी सासू होती. आमच्या घरातली सेम तश्शीच थांबायची, म्हणून सांगते.

सिनेमातही तेच. मैंने प्यार किया १९८९ चा, सलमान खानची आई झाल्या तेव्हा वय एकतीस, आणि सलमान चोवीसचा. वास्तव १९९९ चा, त्यात संजय दत्तची आई, आणि तो त्यांच्यापेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान! शेवटी ती आई पोराला स्वतः गोळी घालते तो सीन बघताना कुणाच्या डोक्यात तरी वयाचा हिशोब आला का? फिल्मफेअरची चार नामांकनं मिळाली त्यांना आयुष्यात, पुरस्काराची बाहुली एकदाही नाही. असो, तो राग वेगळा.

पण साहेब, सिनेमाची मला काळजी नाही. सिनेमे टिकतात. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, २०२२ ला ते एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन केलंत, ते बरं का वाईट यावर भांडणारे भांडतील, पण निदान रिळं ठेवायला एक जागा आहे, थंड खोल्या आहेत, माणसं आहेत. टीव्हीचं काय?

रीमाताईंचं खरं काम टीव्हीवर आणि नाटकात झालं असं माझं स्पष्ट मत आहे. मूळच्या नयन भडभडे, आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, शाळा पुण्यातली हुजूरपागा. मग युनियन बँकेत नोकरी, जवळपास दहा वर्षं, म्हणजे दिवसा लेजर आणि संध्याकाळी तालीम. नट विवेक लागूंशी लग्न झाल्यावर रीमा लागू. पुरुष नाटकात नाना पाटेकरांसमोर उभं राहणं काय असतं ते ज्यांनी थिएटरात बघितलं त्यांना विचारा. सविता दामोदर परांजपे हे नाटक ज्यांनी बघितलं ते अजून सांगताना आवाज खाली करतात. पण नाटक तर हवेत विरतंच, त्याला इलाज नाही, प्रेक्षक गेले की संपलं. टीव्हीचं तसं नव्हतं. टीव्ही टेपवर होता, धरून ठेवता येत होता, आणि आपण तो धरला नाही.

१९८५ ची खानदान आठवते का कुणाला? दूरदर्शनवरची, रीमाताई होत्या त्यात. मग १९९४ मध्येच श्रीमान श्रीमती, त्यात त्या कोकिला कुलकर्णी आणि जतीन कनकिया केशव कुलकर्णी, शेजारी राकेश बेदी आणि अर्चना पुरणसिंग. अधिकारी ब्रदर्सची निर्मिती, राजन वाघधरेंचं दिग्दर्शन. अख्खा देश हिंदीतून कुलकर्ण्यांचं घर बघत होता, याचा आम्हाला केवढा अभिमान! म्हणजे त्याच सुमारास एका चॅनेलवर कोकी, दुसरीकडे देवकी, दोन पूर्ण वेगळ्या बायका, एक नवऱ्याच्या शेजारणीकडे बघण्याला कंटाळलेली आणि एक सुनेला. आणि थिएटरात त्याच वर्षी हम आपके हैं कौन लागलेला, त्यात माधुरीची आई. एका वर्षात एवढं काम करणारी बाई, आणि पोस्टरवर नाव शोधायला चष्मा लागायचा.

आता मुद्द्यावर येते.

लेकीला म्हटलं आजीला यूट्यूबवर दाखव. जे काही एपिसोड मिळाले ते असे : चित्र चारही बाजूंनी कापलेलं, कॉपीराइट चुकवायला आवाज थोडा पळवलेला, मध्येच कुणाचातरी लोगो, आणि शेवटची नावं तर उडवूनच टाकलेली. म्हणजे काम कुणी केलं, कपडे कुणी केले, कॅमेरा कुणाचा, सगळं गायब. सासूबाई म्हणाल्या, "ही देवकी नाही, हिचा आवाज चिमणीसारखा झालाय." खरंच झाला होता.

मग मी एका सरकारी कार्यालयाला दोन ईमेल केले की बाबा जुन्या मालिकांच्या टेप कुठे आहेत, सामान्य माणसाला बघता येतात का. उत्तर नाही. फोन केला तर तीन वेळा दुसरीकडे जोडून शेवटी कट. नाव घेत नाही, त्या बिचाऱ्या ऑपरेटरचा काय दोष. कॅसेट घेऊन स्टेशनजवळच्या दुकानात गेले, तो म्हणाला मॅडम आत बुरशी आहे, लावली तर मशीनचं हेड जाईल आणि हे मशीन आता बनत नाही, नाही जमणार.

हे घरच्या कॅसेटचं. तेच मोठ्या टेपांचं. चुंबकी थर ओल धरतो, चिकट होतो, सुटतो. आणि त्या काळात टेप महाग म्हणून जुन्यावर नवं चढवायची पद्धत जगभर होती, बीबीसीनेसुद्धा आपले साठच्या दशकातले कार्यक्रम पुसलेत आणि आता घरोघरी शोधत बसतात. आपल्याकडे वर आणखी एक भानगड, प्रायोजित मालिका निर्मात्याच्या असायच्या, दूरदर्शन वेळ द्यायचं आणि हक्क निर्मात्याचे. म्हणजे टेप एखाद्या गोडाऊनमध्ये, निर्माता गेला, कंपनी बंद पडली, गोडाऊन विकलं की संपलं. जबाबदारी कुणाची? कुणाचीच नाही.

साहेब, आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे पुस्तकांचा. कुणीही पुस्तक छापलं तर एकेक प्रत सरकारी ग्रंथालयांना द्यावी लागते, कोलकात्याला, चेन्नईला, दिल्लीला आणि आपल्या मुंबईत टाऊन हॉलच्या सेंट्रल लायब्ररीला. माझ्या भाचीने स्वतःच्या खर्चाने काढलेला कवितासंग्रह तिथे असायला हवा असं कायदा म्हणतो (पन्नास प्रती छापल्या होत्या, त्यातल्या तीस आमच्याकडेच आहेत). पण जी सिरियल करोडो लोकांनी जेवता जेवता बघितली तिची एक प्रत कुठेही द्यायची सक्ती नाही. फ्रान्सने १९९२ ला कायदा करून टीव्ही आणि रेडिओलाही पुस्तकासारखंच धरलं, तिकडे लोक जाऊन जुने कार्यक्रम बघू शकतात. आपण का नाही?

म्हणून मागणी एवढीच. जे प्रसारित झालं त्याची एक चांगली प्रत सार्वजनिक संग्रहात द्यायचा नियम करा, नव्यासाठी आजपासून, आणि जुन्यासाठी निर्मात्यांना शोधून, विनंती करून, लागलं तर टेप स्वच्छ करायचा खर्च सरकारने उचलून. हक्क त्यांचेच राहू देत. आणि यादी करताना फक्त हिरो-हिरोइन नाही, सासू, मावशी, शेजारीण, मोलकरीण सगळ्यांची नावं. १९८७ च्या स्वामी मालिकेत गोपिकाबाई कोण होत्या हे आजच्या पोरांना विचारा बरं. दया डोंगरे होत्या! त्याही नोव्हेंबर २०२५ मध्ये गेल्या. मला माहितीये दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती १९९७ पासून स्वायत्त आहे आणि तुम्ही सरळ हुकूम सोडू शकत नाही, पण कायदा आणि पैसा तर तुमच्याच मंत्रालयाकडून जातो ना.

आणि लोक बघणार नाहीत असं म्हणू नका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रामायण, महाभारताबरोबर दूरदर्शनने श्रीमान श्रीमतीही परत लावली होती, आमच्या बिल्डिंगमध्ये खालून वरपर्यंत एकच टायटल साँग ऐकू यायचं. टेप शिल्लक होत्या म्हणून लावता आल्या.

रीमाताई १८ मे २०१७ ला पहाटे गेल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी. आदल्या संध्याकाळपर्यंत नामकरण मालिकेचं शूटिंग करत होत्या, त्यात खलनायकी दयावंती मेहता. सासूबाईंना तेव्हा आम्ही दोन दिवस सांगितलंच नव्हतं. आता सांगितलेलं विसरतात, त्यामुळे त्यांच्या हिशोबात देवकी अजून आहे आणि आम्हीही दुरुस्त करत नाही.

त्या तीन कॅसेट मी सुकलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवल्यात, ओल लागू नये म्हणून, लेकीची आयडिया. तुमच्या खात्यात कुणाकडे चालू मशीन आणि बुरशी काढणारा माणूस असेल तर पत्ता कळवा, मी स्वतः आणून देते. देवकी तुम्ही ठेवा, बारसं तेवढं कॉपी करून परत द्या.

आपली,
डोंबिवलीची एक सून
(आता सासूही)