तुझी टॅक्टिक नीट तपासूया

निख्या,

फुटबॉल मॅनेजर या कॉम्प्युटर गेममधल्या तुझ्या नव्या टॅक्टिकची फाइल मिळाली रे. ब्राइटनची टीम घेऊन ८४ पॉइंट्स आणि थेट लीग जिंकलास, भारीच! डावा विंगर आत घेऊन मागून फुलबॅकला वर सोडायचं हे मला खरंच आवडलं. पण जुन्या टॅक्टिकपेक्षा ही १० पॉइंट्सने सरस आहे असं जे तू ठरवून टाकलंयस ते मला अजून पटत नाही, आणि फोनवर तू मधेच तोडतोस म्हणून लिहूनच पाठवतोय.

हे बघ, या गेममध्ये तीच सेव्ह (साठवून ठेवलेला गेम), तीच टीम, तीच टॅक्टिक घेऊन सीझन परत चालवला तरी पॉइंट्स वेगळेच येणार. समज एखादी टीम ४५ टक्के मॅच जिंकते, २५ टक्के ड्रॉ, बाकी हरते. ३८ मॅचचे सरासरी ६१ पॉइंट्स झाले. पण नुसत्या नशिबाने ८ इकडे नाहीतर ८ तिकडे सहज होतात, आणि साधारण तिनातला एक सीझन त्याच्याही बाहेर जातो. तू दोन टॅक्टिक एकेकदाच चालवून वजाबाकी केलीस, म्हणजे दोन्हीकडचं नशीब त्यात आलं, ते झालं ११ च्या आसपास. मग १० चा फरक म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली असेल की नाही, सांग बरं?

दोन्ही १६-१६ सीझन चालव, सरासरीतला हा हेलकावा ८ वरून २ वर येतो. तेव्हाही १० चा फरक टिकला तर मी गपगुमान मान्य करेन.

सेव्ह मात्र एकच हवी, जुलैमधली, प्री-सीझनच्या आधीची, म्हणजे दोन्ही टॅक्टिक टीमच्या अंगवळणी पडायला सारखाच वेळ मिळेल. मग गेममधल्या हॉलिडेवर जा, म्हणजे सीझन आपोआप चालेल, असिस्टंटला हीच टॅक्टिक वापरायला सांग, आणि ट्रान्सफर दोन्ही बाजूंनी बंद. इंग्लंडचा लेस्टर क्लब आठवतो ना, २०१५-१६ ला ८१ पॉइंट्स आणि चॅम्पियन, पुढच्या वर्षी ४४, पण मधे त्यांचा मिडफिल्डर कांटे चेल्सीला गेला होता, मग ती घसरण टॅक्टिकची म्हणायची का माणसाची? तसला गोंधळ नको आपल्याला. दुसरा सीझनही मोजू नकोस, तू एकदा जिंकलास की समोरचे मागे बसून खेळायला लागतात, ती परीक्षाच वेगळी.

पॉइंट्ससोबत गोल फरक आणि एक्सजी (चान्स बघता किती गोल व्हायला हवे होते तो आकडा) पण लिहून ठेव, टॅक्टिक चान्स किती बनवते ते तिथे लवकर कळतं.

आणि तू ते वीस-पंचवीस टॅक्टिक उतरवून एकेकदा चालवून पहिली आलेली उचलतोस ना, त्यात हमखास नशीबवान असलेलीच वर येते रे. वरच्या तीन-चार घे आणि त्यांना नव्याने चालव, जुने आकडे धरायचेच नाहीत. किती सीझन ते पण आधीच ठरव, मधेच आकडा छान दिसला म्हणून थांबायचं नाही.

सेव्ह पाठव मला, अर्धे सीझन माझ्या लॅपटॉपवर रात्री लावतो. जुनी टॅक्टिक मी चालवतो, नवी तू, असं मात्र नको, दोघांनीही दोन्ही चालवायच्या.

तुझा,
संद्या