मेस्त्रीकाका, नाव तुमचं लिहीत नाही, पण पत्र तुम्हालाच

प्रिय मेस्त्रीकाका,

तुम्ही मोबाइलवरचं काही वाचत नाही, तेव्हा हे पत्र वहिनीच वाचून दाखवतील. त्यांना मध्येच थांबवून "पुरे गो, कामा आसत" म्हणू नका. शेवटपर्यंत ऐका.

मागच्या प्रदर्शनात कवड्या धनेश पक्ष्याच्या शिल्पाखाली पट्टी होती: 'लाकूड: शिवण आणि फणस'. त्याखाली माझं नाव. लोक त्या चोचीसमोर थांबायचे, "एवढी वाकडी चोच अखंड लाकडात कशी काढली हो?" म्हणून विचारायचे, आणि मी पाहुण्यांच्या गडबडीत "जमलं" एवढंच म्हणायचे. हे पत्र त्या 'जमलं'साठी आहे.

तुमच्या सुतारकामाच्या मांगरात पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या पिशवीत तीन मोडके लाकडी पक्षी होते. त्याआधी मी फक्त निसर्गचित्रं करायची; जांभ्याचे सडे, पावसातली शेतं, सगळं जलरंगात. पक्षी म्हणजे आकाशात ओढलेले दोन फराटे. मग एका मार्चमध्ये तिलारीच्या जंगलाकडे धनेशाची जोडी डोक्यावरून गेली. पंखांचा तो फूस्स फूस्स आवाज कागदावर उतरेना, म्हणून पांगाऱ्याचं लाकूड आणलं. सावंतवाडीची खेळणी पांगाऱ्याची करतात, एवढंच ऐकून. ओलंच कोरलं. एक थंडीत उललं आणि उरलेल्या दोघांच्या चोची पॉलिश पेपर मारताना गेल्या.

तुम्ही तुटलेली जागा बोटाने चाचपलीत आणि म्हणालात, "बाय, आधी लाकूड खंय जाता ता बघ. मगे पाखरू."

मला तेव्हा रागच आला होता. कलामहाविद्यालयात पाच वर्षं काढलेल्या बाईला दारं-खिडक्या करणारा माणूस शिकवतोय, असं काहीसं मनात आलं, हेही आज कबूल करते. पण चूक साधी होती. लाकडाची रेषा, म्हणजे त्याच्या तंतूंची दिशा, सरळ जाते, धनेशाची चोच वळते. टोकाशी रेषा आडवी पडते आणि तिथेच ती मोडते. तुमचे वडील होड्या बांधायचे. होडीच्या फासळ्यांसाठी सरळ फळी वाकडी कापत नाहीत, मुळात वाकडी वाढलेली फांदी शोधतात, हे तुम्ही मला सांगितलंत आणि दुसऱ्या दिवशी परसातल्या फणसाची वठलेली, कोयत्यासारखी वळलेली फांदी माझ्यापुढे टाकलीत. ती दोन वर्षं मांगराच्या आढ्यावर सुकत होती. खरं तर सुनेच्या पाळण्याच्या कमानीसाठी ठेवलेली, हे मला फार उशिरा कळलं.

त्या फांदीत रेषा चोचीबरोबर वळली. फणस आतून पिवळा, त्यामुळे रंगही द्यावा लागला नाही. नराच्या डोळ्याभोवतीची कातडी निळसर काळी असते, तेवढा एक ठिपका मी रंगवला. आता चोच हळूहळू तपकिरी होत चालली आहे. होऊ दे, फणस आहे.

दुसरं शिल्प तर तुमच्याच बोलण्यातून आलं. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला बुजवून घेते आणि नर एका फटीतून तिला फळं भरवतो. "ढोलीच्या झाडाची फळी निघना नाय, म्हणान लोक जळवांक कापतत," असं तुम्ही सहज बोललात. तिलारीचं जंगल २०२० साली संवर्धन राखीव झालं, पण ढोलीचा जुना बेहडा कधी कुणाच्या काजूच्या बागेतही उभा असतो, आणि तिथे तो राहणार की सरपण होणार, हे मालकाच्या मर्जीवर. तुम्ही सरपणातून काढून ठेवलेला पोकळ ओंडका मी तसाच उभा केला. फट, आणि फटीतून बाहेर आलेलं चोचीचं टोक. बाकी मादी कोरलीच नाही. लोक ओंडक्याला वळसा घालून ती शोधतात.

चित्रांचंही तुम्ही वाटोळं केलंत, काका! माझ्या एका जुन्या चित्रावर बोट ठेवून विचारलंत, "ह्यो आंबो काय किंजळ?" मी म्हटलं, झाड आहे. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते हसलात. त्यानंतर मला हिरवा फराटा मारताच येत नाही. पावसाळ्यानंतर किंजळ फळांनी तांबूस होते; तिथे हिरवा चालतच नाही, जांभ्याचाच रंग पातळ करून वर चढवावा लागतो. आता एका चित्राला पूर्वीच्या तिप्पट वेळ जातो.

पट्टीवर तुमचं नाव घालू का, असं मी नंतर विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "माझा नाव कशाक? फणसाचा आसा मा?" म्हणून इथेही घातलं नाही. पण पाळण्याच्या कमानीचं देणं माझ्याकडे आहे. नातू आता शाळेत जातो, तरीही आहे.

शिमग्याला येते. गोल पटाशीची धार पुन्हा गेली आहे, आणि दगडावर ती मला अजून तुमच्यासारखी लावता येत नाही.

तुमची,
बाय