जुन्या घरांच्या टोकन-व्यवहारांवरही नियम हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरांच्या ‘होलसेल’ धंद्यात उतरणाऱ्या तरुणांवर लेख आला होता. स्वतः घर विकत न घेता मालकाला थोडं टोकन द्यायचं, सौदा आपल्या नावावर अडवून ठेवायचा, चढ्या भावाची पार्टी, म्हणजे घर घेणारा, आणायची आणि मधला फरक आपण घ्यायचा, असा हा धंदा. लेखात कमाई होती, मुलांची जिद्द होती. हाच धंदा घाईने वाढवला की काय होतं, ते मात्र नव्हतं. मी पूर्व उपनगरात दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ दस्त टाइप करून देते, मुद्रांक शुल्काची चलनं भरते, नोंदणीची डेटा एन्ट्री करते. सौदा पार पडला की लोक पेढे घेऊन येतात आणि फिसकटला की रद्दलेख करायलाही माझ्याकडेच येतात. म्हणून लिहिते आहे.

आमच्याच भागातल्या दोन मुलांची एक फर्म होती. नाव लिहीत नाही, कारण मला त्यांचा पाणउतारा करायचा नाही. मुलं कष्टाळू होती, लबाड तर अजिबात नव्हती. सुरुवातीला वर्षाकाठी मोजकेच सौदे करायची. कन्नमवार नगर, टागोर नगर, भांडुप एवढाच त्यांचा परिसर. कुठल्या इमारतीत पाण्याची बोंब आहे, कुठल्या सोसायटीचा सेक्रेटरी एनओसी अडवतो, कुठल्या खोलीवर भावाभावांत वाद आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. त्या ओळखीवरच त्यांचा धंदा चालत होता.

मग 1 सप्टेंबर 2020 पासून मुंबईत मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आलं. जानेवारी ते मार्च 2021 या महिन्यांत ते 3 टक्के होतं. साठ लाखांच्या घरावर 2 टक्के दराने सरळ 1 लाख 80 हजार वाचत होते. नोंदणी कार्यालयांबाहेर तेव्हा पाय ठेवायला जागा नसायची. कुठलंही घर दाखवा, पार्टी तयार. या मुलांचे सगळे सौदे मुदतीच्या आत पार पडले आणि त्यांना वाटलं, आपल्याला धंद्याची नस सापडली. सरकारने दिलेली सवलत संपणारी होती, म्हणून गिऱ्हाईक घाईत होतं. हे त्यांनी लक्षात घेतलं नाही. तेजीतल्या काही महिन्यांच्या हिशेबावर त्यांनी पुढच्या वर्षांची गणितं मांडली.

ठाण्यात ऑफिस झालं, मग डोंबिवलीत, मग विरारला. दुकानांची डिपॉझिटं, भाडी, फर्निचर, फोन करायला कळवा-दिव्याकडच्या मुली. इथेच एक गोष्ट घडली, जी मला सगळ्यात घातक वाटते. या मुलींना आणि फिरणाऱ्या पोरांना इन्सेन्टिव्ह मिळायचा तो मालकाची एमओयूवर, म्हणजे विक्रीच्या प्राथमिक करारावर, सही झाली की लगेच. नोंदणी झाली का, मालकाला पूर्ण पैसे पोचले का, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. मग सह्याच येणार! कागद कोण बघणार? चार ऑफिसांत मिळून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, वाचता येणारी माणसं दोनच, तीच मालक मुलं, आणि त्यांचा दिवस लोकलमध्ये जाऊ लागला. विरारच्या घरांबद्दल त्यांना कन्नमवार नगरासारखी माहिती असणं शक्यच नव्हतं.

पैशाची घडीही विस्कटली. या धंद्यात उत्पन्न येतं ते नोंदणीच्या दिवशी आणि पगार, भाडं, फोनची बिलं येतात दर एक तारखेला. सौदे मोजके असतात तोवर मधले दिवस निभावून नेता येतात. सौदे वाढले की अडकलेलं टोकनही वाढतं आणि तेवढं भांडवल या मुलांकडे नव्हतं. त्यामुळे एका पार्टीकडून आलेला विसार दुसऱ्या मालकाला टोकन म्हणून जाऊ लागला. याची टोपी त्याच्या डोक्यावर. त्यातलं काही रोखीत. 1 जून 2015 पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेता येत नाही, हा आयकराचा नियम आहे. पण नियम मोडला यापेक्षा मोठं दुखणं हे की नंतर भांडण झालं तेव्हा कोणी कोणाला किती दिले, याचा पुरावाच कोणाकडे नव्हता.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, आणि गृहकर्जंही महागली. वीस वर्षांच्या 50 लाखांच्या कर्जाचा हप्ता पावणेसात टक्क्यांना साधारण 38 हजार बसतो, नऊ टक्क्यांना 45 हजार. पगार तोच, म्हणजे बँक कर्ज कमी मंजूर करणार. ज्या पार्ट्या ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणत होत्या त्या मागे हटल्या. एमओयूची नव्वद दिवसांची मुदत संपत आली, मालकांचे फोन सुरू झाले. चारही ऑफिसांत एकाच वेळी. पहिल्यांदा कामावरच्या मुलींचे पगार थकले. त्यांतल्या दोघी माझ्याकडे येऊन विचारत होत्या, कुठे टायपिंगचं काम मिळेल का.

पण खरी होरपळ झाली ती मालकांची. एका आजींची हकीकत सांगते. पतीच्या पश्चात सोसायटीने नॉमिनी म्हणून शेअर सर्टिफिकेटवर त्यांचं नाव चढवलं होतं. फर्मच्या पोराने ते सर्टिफिकेट बघितलं, एक लाखाचं टोकन दिलं आणि सही घेतली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, बाकीच्या वारसांचा हक्क तसाच राहतो, ही गोष्ट या धंद्यात पहिल्या दिवशी शिकायची. पुढे पार्टीच्या बँकेच्या वकिलाने सर्च घेताना, म्हणजे मालकीचे जुने दस्त तपासताना, नेमकं हेच विचारलं: मुलाचं आणि मुलीचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठे आहे? मुलगा नाशिकला, आईशी बोलणं बंद. मुलगी दुबईला, म्हणजे तिथल्या वकिलातीतून कुलमुखत्यारपत्र करून आणणं आलं. कर्ज अडलं, पार्टी गेली.

आजींनी तोवर त्या टोकनाच्या पैशांतून संगमेश्वरजवळ एका घराला विसार दिला होता. ठरल्या मुदतीत बाकी रक्कम देता आली नाही, तो विसार बुडाला. मग त्यांनी विक्रोळीची खोली दुसऱ्याला विकायचं ठरवलं, तर नवा एजंट म्हणाला, आधी जुना एमओयू रद्द करून आणा. फर्म म्हणाली, आधी आमचं टोकन परत करा. तो कागद मी स्वतः वाचला. नव्वद दिवसांची मुदत होती खरी, पण खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘खरेदीदाराच्या बँकेची मंजुरी मिळेपर्यंत सदर मुदत वाढलेली समजण्यात येईल.’ खरेदीदार कोण, तर ‘लिहून घेणार (म्हणजे फर्म) किंवा ते नेमतील ती व्यक्ती’. थोडक्यात, कोण घेणार ते माहीत नाही, कधी घेणार ते माहीत नाही, पण मालकाने थांबायचं. सत्तरीच्या बाईला एक लाखात तिच्याच खोलीत बांधून घातलं होतं. शेवटी नाशिकच्या मुलाने येऊन पैसे भरले तेव्हा रद्दलेखावर सह्या झाल्या. बाई टेबलाच्या कडेला धरून उभ्या होत्या आणि मला विचारत होत्या, ‘आता तरी खोली माझी ना?’

मला त्या मुलांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना कळकळीने सांगायचं आहे की हातातला प्रत्येक एमओयू हे तुमच्या डोक्यावरचं देणं आहे. व्हॉट्सअॅप स्टेटसवर ‘आज आणखी पाच डील’ असं टाकता तेव्हा पाच घरांची जबाबदारी घेतलेली असते. भांडुपचे एक जुने एजंट मी पाहते. टोकन द्यायच्या आधी पहिल्या मालकापासून आजवरच्या साखळीतले सगळे करार, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सची थकबाकी, कर्जाचा बोजा आणि वारस, इतकं स्वतः तपासतात. त्यासाठी आठवडा गेला तरी चालेल. हातातले सौदे पुरे झाल्याशिवाय नवं टोकन देत नाहीत आणि देतात ते स्वतःच्या खात्यातून, चेकने. मुलगा म्हणतो, बाबा, शाखा काढू. ते म्हणतात, ‘कागद वाचायला मी एकटा, सौदेही माझ्या दोन डोळ्यांपुरतेच.’ 2020च्या गर्दीतही त्यांनी हा नेम मोडला नाही आणि 2023मध्ये त्यांच्याकडे एकही मालक भांडायला आला नाही. धंदा वाढवू नये असं मी म्हणत नाही. दुसरं ऑफिस काढायच्या आधी कागद वाचणारा दुसरा माणूस तयार करावा, त्याला वर्षभर सोबत बसवावं, आणि कामावरच्यांना इन्सेन्टिव्ह नोंदणी झाल्यावरच द्यावा. यात काही अशक्य नाही.

आता सरकारकडे मागणी. महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, 2017पासून सुरू आहे. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे, आणि आता प्रशिक्षण व परीक्षाही. ही चांगलीच गोष्ट झाली. पण रेरा कायद्याच्या कलम 9ची भाषा नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे. जुन्या सोसायटीतला फ्लॅट, चाळीतली खोली, पागडीची जागा यांचेच सौदे करणारा एजंट त्यात येत नाही. म्हणजे नव्या टॉवरचं गिऱ्हाईक सुरक्षित आणि कन्नमवार नगरातली आजी उघड्यावर. ज्या अमेरिकेतून हे ‘होलसेल’चे व्हिडिओ येतात, तिथेसुद्धा इलिनॉय राज्याने 2019मध्ये आणि ओक्लाहोमाने 2021मध्ये असे व्यवहार परवान्याच्या चौकटीत आणले. आपण वाट कशाची बघतो आहोत?

दुसरं असं की हे एमओयू बहुतेक वेळा फक्त नोटरी केलेले असतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून कोणालाही घराचा इंडेक्स टू बघता येतो, पण नोटरीचा कागद तिथे दिसत नाही. त्यामुळे एकाच खोलीवर दोन एजंटांचे एमओयू असले तरी तिसऱ्याला पत्ता लागत नाही. पुढे विकण्याच्या हेतूने घर अडवणाऱ्याने तसा करार नोंदवलाच पाहिजे, त्यात ठरलेली तारीख हवी आणि ती उलटली की करार आपोआप संपला पाहिजे. बिल्डरकडून घेऊन पुढे विकणाऱ्या गुंतवणूकदारासाठी मुद्रांक कायद्यात वेगळी तरतूद आहेच, आणि आधी भरलेलं शुल्क पुढच्या विक्रीत वजा करून मिळण्याची तिची मुदत 2022च्या राज्य अर्थसंकल्पात एका वर्षावरून तीन वर्षं केली गेली. तिथे दस्त नोंदलेला असतो, म्हणून सरकारला शुल्क मिळतं आणि घेणाऱ्याला साखळी दिसते. जुन्या घरांच्या बाबतीत तेवढंच करायचं आहे.

आपल्याला एक विनंती. विसार पावतीवर सही करण्याआधी मालकाने कोणत्या ओळी नीट वाचाव्यात, कोणत्या खोडायला लावाव्यात, यावर एखाद्या जाणत्या वकिलाकडून सोप्या मराठीत लेख लिहून घ्यावा आणि तो पुरवणीत, त्या पहिल्या लेखाइतकीच जागा देऊन छापावा. त्याच्या झेरॉक्स काढून मी माझ्याकडे येणाऱ्यांना देईन.

आपली,
दस्त टाइप करणारी एक वाचक
विक्रोळी (पूर्व), मुंबई