मावशी, ती फिल्म तुम्ही ट्यूबलाइटसमोर धरलीत

प्रिय मावशी,
सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानले तर "चल, चहा ठेव" म्हणत तुम्ही विषय बदलाल, म्हणून लिहितेय. आणि माझ्यासारखी आणखी कुणी वाचेल म्हणून उघडच लिहितेय.

एका दवाखान्यात माझं तीन वेळा आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, झालं होतं. तिन्ही वेळा पाळी आली, आणि चौथ्याची तारीखही मिळाली होती. पिशवीत कोंबलेले कागद घेऊन मी तुमच्याकडे आले. इतकी वर्षं प्रसूती वॉर्डात सिस्टर म्हणून काढलेल्या तुम्ही ते स्वयंपाकघराच्या फरशीवर तारखेप्रमाणे मांडलेत आणि विचारलंत, "नळ्यांची तपासणी कुठाय?"

ती कुणी सांगितलीच नव्हती.

एचएसजी, म्हणजे गर्भाशयात औषध सोडून काढलेला नळ्यांचा एक्स-रे, करून आणल्यावर तुम्ही फिल्म ट्यूबलाइटसमोर धरलीत. मधे गर्भाशयाचा पांढरा त्रिकोण, दोन्ही बाजूंना फुगलेल्या शेंगांसारख्या नळ्या, आणि औषध तिथेच अडकलेलं, पुढे पोटात थेंबभरही सांडलेलं नाही. "अगं, आययूआय केलं तरी बीज आणि शुक्राणू भेटतात ते नळीतच. वाटच बंद असेल तर दहादा करून काय होणार?" त्या रात्री मी खूप रडले. पण दोष माझ्या नशिबाचा नाही, नळ्यांचा आहे, हे पहिल्यांदाच कळलं होतं.

मग क्लिनिक शोधताना तुम्ही मला वही करायला लावलीत. पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात आहे: कृत्रिम गर्भधारणेच्या 2021 च्या कायद्याखाली नोंदणी आहे का, आणि कितव्या स्तराची? पहिल्या स्तरावर फक्त आययूआय करता येतं, आयव्हीएफला, म्हणजे बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत फलित करायला, दुसरा स्तर लागतो, हे मला ठाऊकच नव्हतं. त्याखाली: यशाचा टक्का कशाचा? टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचा की बाळ घरी नेल्याचा? कोणत्या वयाच्या बायकांचा? सुरू केलेल्या सायकलमागे, म्हणजे उपचाराच्या फेरीमागे, की ट्रान्सफरमागे, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडल्यामागे?

दोन ठिकाणी हे विचारल्यावर पॅकेजचा कागद पुढे सरकवला गेला. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरबाईंनी पेन उघडून चित्र काढलं. फुगलेल्या नळीतलं पाणी गर्भाशयात उतरतं आणि भ्रूण रुजायला अडथळा येतो, म्हणून आधी दुर्बिणीने नळ्या गर्भाशयापासून तोडू, मग आयव्हीएफ. ह्यांचा वीर्याचा रिपोर्ट चांगला आहे, त्यामुळे इक्सीचा, म्हणजे एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडण्याचा, खर्च नको, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. बाहेर येऊन तुम्ही एवढंच म्हणालात, "इथे कर."

इंजेक्शनं तुम्हीच दिलीत. रोज एकाच वेळेला, आधी बर्फ लावून. सासूबाईंना शेजारी बसवून सगळं समजावलंत, त्यानंतर घरातले टोमणे थांबले. त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानू?

पहिलं ट्रान्सफर लागलं नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. त्या दिवशी तुम्ही धीराचे शब्द बोलला नाहीत, नुसत्या माझ्याजवळ बसून राहिलात, वरण-भात भरवलात. निकाल काय लागेल ते लागो, मावशी, हे पत्र मला त्याच्याआधी लिहायचं होतं.

दोन भ्रूण अजून गोठवून ठेवलेले आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. वही पिशवीत घातली आहे, तुमचा चष्मा तेवढा विसरू नका.

तुमची,
वरच्या मजल्यावरची लेक