वरची हातभर फट

येरमाळा शिवार, ता. कळंब, जि. धाराशिव
रविवार, २६ जानेवारी २०२५

तीर्थरूप आबा आणि आईस,
मंदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं दादा म्हणेल. पण आबांना ऐकू जावं म्हणून मी फोनवर ओरडते, मी ओरडते म्हणून शेळ्या ओरडतात, आणि शेवटी आबा "बरं बरं, ठेव" म्हणतात. म्हणजे त्यांना काहीच ऐकू गेलेलं नसतं. आई, हे तू वाचून दाखव, आणि मधलं काही गाळू नकोस. एक वाईट बातमी आहे, ती फोनवर सांगायची टाळत आलेय.

आधी वाघाचं सांगते, नाहीतर पुढचं तुमच्या कानात शिरायचं नाही. दादानं टीव्हीवर दाखवलेला वाघ खराच आहे. पार यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चारशेवर किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंगाच्या जंगलात आलाय. डिसेंबरात वनखात्याच्या कॅमेऱ्यात दिसला. पकडायला माणसं आली, पण अजून गावलेला नाही. आपल्या शिवारात ठसा दिसलेला नाही, तरी शेळ्या डोंगराकडं सोडणं मी बंद केलंय. जागेवरच शेवरी आणि सुबाभळीचा पाला टाकते, वर तुरीचं भुसकट. बांधाला न्यायच्या त्या दहा वाजल्यानंतर, दवं वाळल्यावर. हे तुमचंच, आबा. ओल्या गवतानं पोट फुगतं, जंत होतात, हे मला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

या आठवड्यात लाइट रात्रीची आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर मध्यरात्रीनंतर. तुमचे जावई आणि शेजारच्या वस्तीवरचे दोघं असे तिघं मिळून जातात. एक दारं धरतो, एक बॅटरी धरतो आणि तिसरा मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून बांधावर उभा राहतो. वाघाचं माहीत नाही, पण रानडुकरं काही फिरकलेली नाहीत.

आता मुख्य गोष्ट. चांदणीला डिसेंबरात दोन करडं झाली ते तुम्हाला सांगितलं होतं. एक पाट आणि एक बोकड. त्यातला बोकड गेला.

कसं झालं ते सगळं लिहिते. येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या, दोन-तीन दिवस आधी आभाळ भरून आलं, चार थेंबही पडले. मी घाबरले. तुमचे बारदानाचे पडदे जुने झालेले, भोकं पडलेली, म्हणून कळंबहून निळी ताडपत्री आणली आणि गोठा चारी बाजूंनी बांधून टाकला. पूर्वेच्या भिंतीवर पत्र्याखाली जी हातभर फट आहे ना, तीही पोती कोंबून बुजवली. आबा, खरं सांगते, वीस वर्षं मला वाटत आलंय की तेव्हा विटा कमी पडल्या म्हणून ती फट राहिली. लग्नाआधी एकदा मी तुम्हाला बोललेही होते, "एवढं तरी पुरं करा." तुम्ही नुसते हसला होता.

येळवस मात्र झाली. शेतात कडब्याची कोप घातली, पांडव मांडले. भज्जी केली, पण चिंच जास्त पडली; आंबील बरी उतरली. ओवीनं पाच पांडवांना चुना लावताना स्वतःलाही लावून घेतला. आभाळ निघून गेलं आणि त्यामागून खरा गारठा आला. पहाटे नळाची तोटी धरवत नव्हती. मला वाटलं, बरं झालं गोठा बांधला. रोज संध्याकाळी आत हात घालून बघायचे, छान ऊब लागायची. मला केवढं समाधान!

पाचव्या-सहाव्या दिवशी पहाटे दार उघडलं तर डोळे चुरचुरले. मुताचा नुसता भपका. पत्र्याला आतून पाणी सुटलेलं आणि ते थेंब थेंब शेळ्यांच्या पाठीवर पडत होतं. खालची माती चिकट. काळी शिंकत होती, दोघी-तिघींच्या नाकातून पाणी. चांदणीचा बोकड कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता, प्यायला उठलाच नाही. उचलून घेतला तर बरगड्या भात्यासारख्या चाललेल्या आणि कान बर्फासारखे गार.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दुपारी आले. त्यांनी करडाकडं नंतर बघितलं, आधी वर पत्र्याकडं बघितलं. म्हणाले, "ताई, कोरड्या जागेवरची शेळी गारठ्याला दाद देत नाही, ती कोंडल्यानं मरते. ही फट कोणी बुजवली?" मी सांगितलं, मी. "आणि ठेवली कोणी होती?" म्हटलं, वडिलांनी. त्यावर ते काही बोलले नाहीत, सुई भरायला लागले. गरम हवा वर जाते, तिच्याबरोबर मुताची वाफ आणि ओल त्या फटीतून निघून जाते. खाली बारदान असल्यानं अंगावर वारा येत नाही. एवढं साधं. मीच तो रस्ता बंद केला आणि सगळी वाफ त्यांच्या फुप्फुसात घातली.

तीन दिवस इंजेक्शनं झाली. पाट वाचली, बाकीच्याही सावरल्या. बोकड तिसऱ्या रात्री गेला. चुलीपुढं मांडीवर घेऊन बसले होते, चांदणीचं दूध काढून चमच्यानं ओठाला लावत होते. दोनदा चाटलं त्यानं. मग पाय ताणले. चांदणी बाहेरून हाक मारत होती आणि मी तिला हं हं म्हणत होते, जसं काही मी तिचं पोर सांभाळतेय. बांधावरच्या लिंबाखाली पुरला. ओवीनं त्यावर दगड ठेवलाय.

आबा, तुम्ही रागावणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून जास्त लागतं.

दुसऱ्याच दिवशी ताडपत्री काढली. पोती काढली. गोठा खरवडून चुना आणि चुलीतली राख टाकली, दोन दिवस ऊन दिलं, वर कोरडं पाचट पसरलं. आता खाली कमरेपर्यंत बारदान आणि वर मोकळं. संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर. करडं रात्री डालग्याखाली, खाली पोतं. सकाळी बोअरचं ताजं पाणी, कोमट असतं तोवरच पाजते. हौदातल्या शिळ्या गार पाण्याला त्या नुसतं तोंड लावून परततात. ती निळी ताडपत्री कडब्याच्या गंजीवर टाकलीय. तिथं बरी दिसते.

आता थोडं माझंही कौतुक ऐका. कोंबड्यांच्या बाबतीत मी बरोबर होते. आबा म्हणायचे, मर यायची तर येते, लसीनं काय होतंय. पण तीन वर्षांपूर्वी मानमोडीत एका आठवड्यात खुराडं रिकामं झालं होतं, विसरलात का? यंदा मानमोडीची लस आणली, लासोटा. बाटली शंभर कोंबड्यांची, आपल्या चौतीस, आणि औषध एकदा कालवलं की दोन तासांत संपवायचं, तेही बर्फावर ठेवून. म्हणून चार वस्त्यांना निरोप दिला. अंधार पडल्यावर खुराड्यातून एकेक काढायची, मी धरणार, ओवी डोळ्यात थेंब टाकणार, कोंबडीनं डोळा मिटला की सोडून द्यायची. शेजारच्या काकूंचा कोंबडा सुटून चुलीमागं बसला, त्याला रॉकेलच्या डब्यामागून ओढून काढला. एकूण एक्क्याण्णव झाल्या.

पण आता उदगीरला कावळे मेले आणि बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून सगळ्या म्हणतायत, "आपलं टोचून झालंय, आपल्याला काय." तीनदा सांगितलं की ही लस मानमोडीची आहे, बर्ड फ्लूची नाही. मी कोंबड्या जाळीत ठेवल्यात, दाणे आतच टाकते, म्हणजे कावळे उतरत नाहीत. मेलेलं पाखरू दिसलं तर हात लावायचा नाही, हे ओवीला पाठ झालंय. आई, तू म्हणशील जाळीत त्यांचं मन रमत नाही. नाही रमत. पण चार दिवस जाऊ देत.

अंडी कमी झालीत. दिवस लहान, त्यात दोन जणी पिसं टाकतायत. थंडीत गिऱ्हाईक दुप्पट आणि अंडी निम्मी, हे दरवर्षीचं दुखणं. पंधरा रुपयाला एक जात होतं. उदगीरच्या बातमीनंतर दोघांनी नको म्हणून फोन केला, त्यातल्या एकानं काल परत विचारलं. तुझी पिवळी खुडूक झाली होती, तिला राख टाकून तेरा अंड्यांवर बसवली. एकविसाव्या दिवशी नऊ फुटली. एक पिल्लू अगदी पिवळीसारखं आहे, आणि तेच सगळ्यांना टोचत फिरतं.

आबा, तुम्ही यायचं म्हणता. शाळू हुरड्यात आलाय, तुमची आठवण रोज निघते. पण गोठ्यापुढची जमीन उंचसखल, काठीवरसुद्धा तोल जायचा. महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आहे. थंडी शिव शिव म्हणत गेली, डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढून बरं म्हटलं, की मग या. तोवर जावई ओट्यापासून गोठ्यापर्यंत फरशी टाकणार आहेत. त्यांनी तुम्हाला न विचारता ठरवलंय, तेवढं चालवून घ्या.

एक राहिलं. लाखी यंदाही गाभण राहिली नाही. दात झिजलेत, पाला चावता येत नाही, मी भरडा भिजवून देते. गेल्या मंगळवारी व्यापारी आला होता, सहा हजार म्हणाला, मग साडेसहा. मी म्हटलं, शेळी आईची आहे. तो येत्या मंगळवारी परत येणार. आई, काय सांगायचं ते तू सांग. मी आपण होऊन देणार नाही, आणि तू दे म्हणालीस तर दावं सोडायला मात्र जावयांना पाठवीन, मी घरात थांबेन.

दादा-वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आबा, गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मंदा

ता. क. बारदान शिवायची मोठी सुई कुठं ठेवलीय? दोन पडदे फाटलेत आणि ओवी म्हणते आबांना विचार.