पिपाणी नव्हे, क्लॅरोनेट

महोदय,

कालच्या पुरवणीतला लंडनच्या बँडवाल्या हॅरी रॉयवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. पाऊण पान त्याच्या बायकोवर, म्हणजे बोर्निओतल्या सारावाकच्या गोऱ्या, इंग्रज राजाच्या मुलीवर! १९३५ चं लग्न, १९४७ चा घटस्फोट, सगळं आलं. आणि तो वाजवायचा त्या वाद्याला तुम्ही चक्क 'पिपाणी' म्हटलंत.

पिपाणी जत्रेत मिळते. हॅरी रॉय क्लॅरोनेट वाजवायचा. माझे वडीलही तेच वाजवायचे, साताऱ्यात एका बँड पथकात, तीस वर्षं. वरातीआधी वाद्याच्या तोंडाशी बसवायची पत्ती (रीड) तोंडात धरून ओली करत बसायचे, तेव्हा त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. जुन्या बाजारात त्यांना हॅरी रॉयची 'ब्यूगल कॉल रॅग'ची तबकडी मिळाली होती. त्याच्या बँडची ही ओळखीची धून. ती मधेच थांबवून वडील मला दाखवायचे : डाव्या अंगठ्याने मागची चावी दाबली की खालच्या 'सा'चा एकदम वरच्या सप्तकातला पंचम होतो. ही उडी न फाटता घेता यायला उमेदीची वर्षं जातात.

एकदा एका बड्या घरच्या लग्नाची बातमी छापून आली होती. पाहुण्यांची नावं, पंगतीतली पक्वान्नं, नवरदेवाच्या घोड्याचा रंगसुद्धा. रात्री दोनपर्यंत वाजवणाऱ्या वडिलांच्या बँडबद्दल अक्षर नाही. वडिलांनी ते कात्रण तरीही जपून ठेवलं. काल तुमचा लेख वाचून मी ते पुन्हा बाहेर काढलं.

हॅरी रॉय म्हणजे मूळचा लंडनच्या स्टॅमफर्ड हिलमधला हॅरी लिपमन. पियानो वाजवणाऱ्या भावाबरोबर बँड काढला, १९३४ मध्ये मेफेअर हॉटेलात पोचला. तिथून बीबीसीवरून त्याचा बँड घरोघरी ऐकू जायचा. महायुद्धात मध्यपूर्वेत जाऊन सैनिकांसाठी वाजवलं. डान्स बँडचे दिवस सरत आले असतानाही १९४९ मध्ये 'लेस्टर स्क्वेअर रॅग' लोकांनी उचलून धरलं. या सगळ्याला तुमच्याकडे दोन ओळी. लग्न झालं नसतं, तर त्याही छापल्या नसत्यात का?

चूक दुरुस्त करून छापावी, ही विनंती.

आणखी एक. आकाशवाणीच्या कार्यक्रमांचं कोष्टक तुम्ही न सांगता बंद केलंत. मी अजून रोज रेडिओ लावतो. ते पुन्हा सुरू करा.

– एक वाचक, सातारा